ज्यांना कोणी वाली नव्हता

८ मे २०२४ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एका जुन्या मालाबद्दलचा निकाल दिला. माल म्हणजे चांदीच्या २,३६४ लगडी. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने १९४२ मध्ये मुख्यतः नाणी पाडण्यासाठी ही चांदी विकत घेतली होती आणि मुंबईहून डर्बनला जाणाऱ्या बोटीवर ती चढवली होती. बोट वाटेतच बुडाली. पंचाहत्तर वर्षांनी, २०१७ मध्ये, एका खासगी कंपनीने सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून ती चांदी वर काढली, इंग्लंडला नेली आणि आपल्या मेहनतीचा मोबदला मागितला. परक्या सरकारवर असा दावा चालतो का, बोटीच्या पोटात पडून असलेली चांदी व्यापारी वापरात होती असं म्हणता येईल का, या प्रश्नांचा कीस तीन न्यायालयांत पडला. खालच्या दोन न्यायालयांनी कंपनीचं म्हणणं मान्य केलं, सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेचं. निकालाच्या तोंडावर दोन्ही पक्षांनी आपसात तडजोडही केली होती. तरीही प्रश्न महत्त्वाचा म्हणून न्यायालयाने निकाल दिलाच.

त्या बोटीचं नाव तिलावा. तिच्यावर ९५८ माणसं होती. त्यांतली २८० बुडाली.

न्यायालयाने काही चुकीचं केलं असं मला म्हणायचं नाही. चांदीला मालक होता. मालक होता म्हणून तिची पावती होती, वजन होतं, मोजदाद होती आणि पाऊणशे वर्षांनी हक्क सांगायला एक सरकार उभं होतं. माझा प्रश्न त्या २८० माणसांबद्दल आहे. ती मुंबईहून निघाली होती, त्यांतली बहुतेक भारतीय होती, आणि तरीही मुंबईच्या किंवा भारताच्या इतिहासात त्यांना साधी एक ओळ मिळायला दशकांमागून दशकं गेली. हा निव्वळ विसराळूपणा असता, तर त्यावर लेख लिहायचं कारण नव्हतं. युद्धात बुडालेल्या व्यापारी बोटीची माणसं आठवणीतून ज्या कारणांनी निसटतात, ती कारणं पक्की आहेत. एकेक तपासलं, तर आपण कोणाचं दुःख आपलं मानतो हे त्यातून उघड होतं.

आधी घटना. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची, म्हणजे मुंबईकरांच्या तोंडी असलेल्या बीआय कंपनीची, ही दहा हजार टनांची आगबोट १९२४ मध्ये न्यूकॅसलला बांधली गेली. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ती मुंबई सोडून आफ्रिकेच्या वाटेला लागली. मोंबासा, मग आज मापुतो म्हणतात ते लोरेन्सो मार्किस, मग डर्बन. तिच्यावर ७३२ प्रवासी, २२२ खलाशी आणि कर्मचारी, आणि तोफा चालवणारे चौघे होते. प्रवाशांत गुजराती आणि पंजाबी कुटुंबं पुष्कळ. युद्धाच्या ऐन भरात ही माणसं समुद्र ओलांडायला का निघाली, असं आज कोणी विचारील. उत्तर सोपं आहे. त्यांचं घर दोन्ही किनाऱ्यांवर होतं. दुकान तिकडे, म्हातारी माणसं इकडे. नवरा तिकडे, बायको-मुलं इकडे. युद्ध सहा-सहा वर्षं चालतं, आणि संसार तेवढा वेळ थांबवून ठेवता येत नाही.

सोबत संरक्षक युद्धनौका नव्हती. २३ नोव्हेंबरच्या अंधारात, सेशल्सच्या ईशान्येला सुमारे ९३० मैलांवर, आय-२९ या जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. लोक होड्यांकडे धावले, आणि त्या धावपळीत, अंधारात, भर समुद्रात जे व्हायचं ते झालं. पण बोट लगेच बुडाली नाही. ती तरंगते आहे असं पाहून काही जण परत तिच्यावर चढले. मग दुसरा टॉर्पेडो आला. वाचलेले दोन दिवस होड्या आणि तराफ्यांवर होते. २५ तारखेला ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश क्रूझरने ६७४ जणांना उचललं, आणखी चौघांना ‘कार्थेज’ने. २७ तारखेला ‘बर्मिंगहॅम’ मुंबईला पोचली. ज्या शहरातून निघाले होते त्याच शहरात, आठवड्याभरात, नेसत्या वस्त्रानिशी लोक परत उतरले.

या हल्ल्याला त्या वेळचा कायदा काय म्हणत होता? १९३० च्या लंडन नौदल करारात आणि १९३६ च्या पाणबुडीविषयक करारनाम्यात नियम स्वच्छ लिहिला होता. व्यापारी बोट बुडवायची असेल तर आधी तिच्यावरची माणसं आणि कागदपत्रं सुरक्षित जागी हलवली पाहिजेत. आणि बोटीच्या स्वतःच्या होड्या, जवळ जमीन किंवा दुसरं जहाज नसेल, हवामान साथ देत नसेल, तर सुरक्षित जागा धरता येणार नाहीत. जपानने हा नियम मान्य केला होता. जर्मनीने आणि ब्रिटन-अमेरिकेनेही केला होता. नियम माणुसकीचा होता यात शंका नाही. पाणबुडी पाण्यावर आली की ती जगातली सर्वांत दुबळी युद्धनौका होते, एका लहान तोफेच्या गोळ्यानेही ती निकामी होऊ शकते, ही अडचण मात्र त्यात सुटलेली नव्हती. मग ब्रिटिशांनी व्यापारी बोटींवर तोफा बसवल्या, पाणबुडी दिसताच बिनतारी संदेश द्यायला सांगितलं. जर्मनांनी त्यावर बोट ठेवून न सांगता बुडवायला सुरुवात केली. १९४० च्या मे महिन्यात ब्रिटिश नौदलाने स्कागेराकच्या सामुद्रधुनीत दिसेल ती बोट बुडवण्याचं जाहीर केलं. ७ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरच्याच दिवशी, अमेरिकेने आपल्या पाणबुड्यांना जपानविरुद्ध निर्बंध नसलेल्या युद्धाचा हुकूम दिला.

युद्धानंतर न्यूरेंबर्गला जर्मन अ‍ॅडमिरल डॉनित्झवर खटला चालला, तेव्हा ही सगळी उदाहरणं पुढे आली. अमेरिकेचे अ‍ॅडमिरल निमित्झ यांनी पॅसिफिकमध्ये आपणही तेच केल्याचं लेखी सांगितलं. न्यायासनाने शस्त्रधारी ब्रिटिश व्यापारी बोटींवरच्या हल्ल्यांबद्दल डॉनित्झला दोषी धरलं नाही, आणि पाणबुडीयुद्धाच्या नियमभंगाचा शिक्षेत हिशेब केला नाही. सर्वांनी मिळून मोडलेल्या नियमाबद्दल कोणा एकाला शिक्षा करता आली नाही. न्याय म्हणून हे समजू शकतं. पण त्याचा एक परिणाम असा झाला की व्यापारी बोटीवर मेलेल्यांच्या वाट्याला गुन्हेगारही उरला नाही. छळछावण्यांत मेलेल्यांच्या बाजूने निदान एक निकालपत्र उभं आहे. तिलावासारख्या शेकडो बोटींवरच्या माणसांचं मरण मात्र युद्धाच्या खर्चात जमा झालं. चार तोफची बोटीवर होते म्हणून आईच्या कडेवरचं मूलही लक्ष्य ठरतं, हा तर्क कायद्याला पचला असेल. मला तो कधीच पटणार नाही. चार माणसांची तोफ सातशे बत्तीस प्रवाशांना सैनिक करू शकत नाही.

आता आपल्याकडे येऊ. तिलावा मुंबईहून निघाली तेव्हा देश कोणत्या अवस्थेत होता हे आठवावं. ‘चले जाव’ला जेमतेम साडेतीन महिने झाले होते. काँग्रेसचे मोठे नेते अहमदनगरच्या किल्ल्यात होते. बोट सुटण्याआधी आठच दिवस, १२ नोव्हेंबरला, गुप्त काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहता मुंबईतच पकडल्या गेल्या होत्या. मनं कुठे गुंतली होती हे उघड आहे. त्यात बोटींच्या बातम्यांवर सेन्सॉरची पकड होती. शहरात दुःख होतं, पण ते ज्याच्या त्याच्या बिऱ्हाडात, आणि मग आफ्रिकेतल्या आणि गुजरात-पंजाबातल्या घरांत विखुरलेलं. त्या वेळी ते सार्वजनिक झालं नाही याबद्दल तेव्हाच्या लोकांना बोल लावता येणार नाही.

पण नंतर? इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ती सांगायला अवघड आहे. १९४३ च्या एप्रिलअखेर मादागास्करजवळच्या समुद्रात सुभाषचंद्र बोस आबिद हसन यांच्यासह जर्मन पाणबुडीतून रबरी तराफ्यावर उतरले आणि जपानी पाणबुडीत चढले. त्या प्रवासाचं वर्णन शाळेपासून आपण ऐकत आलो आहोत, आणि त्यातलं साहस खरंच अंगावर काटा आणणारं आहे. ती जपानी पाणबुडी म्हणजे आय-२९. तिलावा बुडवून तिला पाच महिने झाले होते. तीच पाणबुडी, तोच महासागर.

यात नेताजींचा दोष नाही. युद्धात आपल्याला न्यायला येणारं जहाज कोणी निवडत नाही, आणि देशाच्या स्वातंत्र्यासाठी जीव पणाला लावणाऱ्या माणसाच्या मोठेपणाला या योगायोगाने बाधा येत नाही. पण आपल्या आठवणीबद्दल मात्र हा योगायोग फार बोलतो. एका पाणबुडीच्या दोन फेऱ्यांपैकी एक आपल्या पाठ्यपुस्तकात गेली. दुसरीबद्दल आपण विचारलंही नाही. त्या फेरीत मेलेलीही आपलीच माणसं होती. मग ती मोजली का गेली नाहीत? मला वाटतं, ती कोणत्याच कथेत बसत नव्हती. ब्रिटिशांविरुद्ध लढलेल्यांची एक कथा आहे. ब्रिटिशांच्या फौजेत लढलेल्यांची दुसरी आहे. ती उशिरा का होईना, पण आता सांगितली जाऊ लागली आहे. तिलावावरचे लोक ब्रिटिश कंपनीच्या बोटीवर, जपानी पाणबुडीकडून, कोणाच्याच बाजूने न लढता मेले. साम्राज्याच्या कथेत ते रयत म्हणून किरकोळ, आणि स्वातंत्र्याच्या कथेत त्यांचा मारेकरी अडचणीचा. दोन्ही दारं त्यांना बंद झाली, आणि तिसरं दार आपण केलंच नाही.

ज्यांच्या कथेला दार मोकळं होतं अशी एक बोट पाहा. ‘सिटी ऑफ बनारस’ १३ सप्टेंबर १९४० रोजी लिव्हरपूलहून कॅनडाकडे निघाली. बॉम्बहल्ल्यांपासून दूर पाठवायच्या ९० मुलांना ती घेऊन चालली होती. १७ सप्टेंबरच्या रात्री जर्मन यू-४८ ने तिला अटलांटिकमध्ये बुडवलं. ९० पैकी ७७ मुलं मेली. ब्रिटन हादरलं, मुलांना सरकारी योजनेतून समुद्रापार पाठवणं बंद झालं, पुढे त्यावर पुस्तकं आली. हे योग्यच होतं. पण त्याच बोटीवर दीडशेहून जास्त हिंदी खलाशी होते आणि त्यांच्यापैकी बहुतेक मेले. आठ दिवस भरकटलेली बारा नंबरची होडी शेवटी सापडली, तेव्हा तिच्यात ४६ जण जिवंत होते. सहा मुलगे होते, त्यांना गोष्टी सांगून जगवणाऱ्या मेरी कॉर्निश होत्या, काही अधिकारी आणि प्रवासी होते, आणि उरलेले तिसाहून अधिक हिंदी खलाशी होते. मुलांची आणि कॉर्निशबाईंची नावं जगाला माहीत झाली. होडीत ज्यांची संख्या सर्वांत मोठी होती, ते कथेत ‘लास्कर’ या एका शब्दात आटोपले.

या खलाशांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे आपला किनारा थेट येतो. मुंबईहून भरती होणाऱ्या बोटींवर डेकचं काम करणारे रत्नागिरीकडचे, सुरत-काठेवाडकडचे. पॅन्ट्री आणि सलूनमध्ये गोंयकार. इंजिनात कोळसा घालणारे बरेचसे पंजाबचे. सारंग, तांडेल, सुकाणी, भंडारी, आगवाला अशी त्यांची उतरंड. नोकरी मिळायची ती भरती करून देणाऱ्या घाटसारंगाच्या कर्जात आणि मेहेरबानीत. युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी नौकांवरच्या माणसांपैकी साधारण चौथा हिस्सा हिंदी होता, आणि त्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका. युद्धाची जोखीम मात्र सारखी. खरं तर इंजिनखोलीत जास्तच, कारण टॉर्पेडो पाण्याखाली लागतो आणि पहिलं पाणी तिथेच शिरतं. म्हणून १९३९ मध्ये, युद्ध सुरू होताच, हिंदी खलाशांनी ब्रिटिश बंदरांत संप केले. पगार वाढवा, मगच बोट हलेल, असं ते म्हणाले. शेकडो जण तुरुंगात गेले. पण पगार वाढले. अडाणी, मुकी, मालकाने नेलं तिकडे जाणारी माणसं अशी त्यांची जी प्रतिमा आहे, ती या एका गोष्टीने खोटी ठरते. आपल्या जिवाची किंमत त्यांना ठाऊक होती आणि ती त्यांनी वसूल करायचा प्रयत्न केला.

या युद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मेले. लंडनच्या टॉवर हिलवर, समुद्राखेरीज ज्यांना थडगं नाही अशा व्यापारी खलाशांचं मोठं स्मारक आहे. त्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या जवळजवळ २४ हजारांची नावं आहेत. हिंदी खलाशांची नावं तिथे नाहीत. ती मुंबईत मशीद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये एका ग्रंथात आहेत, आणि तशीच चितगावला. म्हणजे खलाशांना निदान एक पान मिळालं. ज्यांचं कोणत्याही हजेरीपटावर नाव नव्हतं, ते प्रवासी तिथेही नाहीत. आणि तिलावावर बुडालेल्यांत बहुसंख्य प्रवासीच होते.

काही जण म्हणतील, त्या युद्धात कोट्यवधी मेले. बंगालच्या दुष्काळात, तिलावानंतरच्या वर्षात, लाखो माणसं भुकेने मेली आणि त्यांचीही नावं कुठे लिहिलेली नाहीत. मग या २८० जणांचंच एवढं का? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. दुष्काळात मेलेल्यांची यादी करणं कोणाला शक्यच नव्हतं. बोटीची यादी असते. तिकीट काढल्याशिवाय कोणी बोटीवर चढत नाही, हजेरीपटावर आल्याशिवाय कोणी खलाशी होत नाही. जिथे नावं लिहिलीच गेली नव्हती, तिथे आपण हतबल आहोत. जिथे ती लिहिली गेली होती, तिथे गप्प राहणं ही आपली निवड ठरते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. शोक हा घरचा असतो. ज्यांचं गेलं ते आठवण ठेवतात, शहराने त्यात का पडावं? मुंबईचाच अनुभव याला उत्तर देतो. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या मालबोटीचा स्फोट झाला. आग विझवताना ६६ अग्निशामक जवान मेले, आणि आज देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो. ही आठवण टिकली कारण एका दलाने ती आपली मानली आणि वर्षानुवर्षं वाहिली. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे जाणारी ‘रामदास’ बुडाली, सहाशेवर माणसं गेली. कोकणात तिची गोष्ट आजही आजी-आजोबा सांगतात, कारण त्या वाटेवरून रोज ये-जा करणारी गावं होती आणि गेलेली माणसं एकमेकांच्या ओळखीची होती. आठवण टिकायला कोणीतरी धरून ठेवणारं लागतं. दल, गाव, पक्ष, सरकार. तिलावाच्या माणसांना यांतलं काहीच नव्हतं. ज्यांच्या घरचं गेलं त्यांनी एकट्याने वाहिलं. २०२२ मध्ये, ऐंशी वर्षं पुरी झाली तेव्हा, वाचलेल्यांच्या आणि बुडालेल्यांच्या वारसांनी मुंबईत एकत्र येऊन सार्वजनिक स्मरण केलं. त्यांनी ते केलं म्हणून आज निदान हे नाव उच्चारलं जातं. पण हे काम त्यांच्यावर सोडून द्यायचं नव्हतं.

कोणी म्हणेल, ती बोट ब्रिटिशांची होती, त्यांनीच आठवावं. ब्रिटिश कंपनीने आपल्या बोटीचा हिशेब ठेवला, ब्रिटिश नौदलाने आपल्या बचावकार्याचा. प्रवासी त्यांचे नव्हते. ज्या बंदरातून ते निघाले, ज्या बंदरात उरलेले परत आले, ते आपलं बंदर होतं. देश स्वतंत्र झाला तेव्हा आपण टपाल घेतलं, रेल्वे घेतली, न्यायालयं घेतली, गोद्या घेतल्या. साम्राज्याच्या काळात मेलेली सामान्य माणसं घ्यायची राहून गेली. ती साम्राज्याची नव्हती, आपलीच होती. केवळ साम्राज्याच्या बोटीत बसली होती.

करायचं काय, हे अवघड नाही. बॅलार्ड पिअरजवळ, जिथून आजही प्रवासी जहाजं सुटतात, एक साधा फलक लागावा. त्यावर बोटीचं नाव, २० आणि २३ नोव्हेंबर १९४२ या तारखा आणि जमतील तितकी नावं, मराठी, गुजराती, पंजाबी आणि इंग्रजीत. खलाशी आणि प्रवासी वेगळे न करता. पाठ्यपुस्तकात आय-२९ चा उल्लेख येईल तिथे तिलावाची एक ओळ जोडावी. त्याने नेताजींच्या प्रवासातलं काही कमी होत नाही, आणि मुलांना कळेल की एकाच पाणबुडीचा इतिहास आपल्या लोकांना दोन्हीकडून लागला होता. इंडियन सेलर्स होममधला नावांचा ग्रंथ छापून रत्नागिरी आणि गोव्याच्या जिल्हा ग्रंथालयांत ठेवावा, म्हणजे ज्यांचा पणजोबा बोटीवर गेला आणि परत आला नाही, त्यांना नाव शोधायला मुंबई गाठावी लागणार नाही. यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही. महापालिका, पोर्ट प्राधिकरण आणि राज्याचा पुराभिलेख विभाग यांनी ठरवलं, तर येत्या २३ नोव्हेंबरआधीही हे होऊ शकतं.